स्पेसटाइमच्या फिलॉसॉफीत करिअर करायचंय? फिजिक्स सोडू नका, आणि आजपासून लिहायला लागा

स्पेसटाइमच्या फिलॉसॉफीत करिअर कसं करायचं, फिजिक्सच्या पोरापोरींकडून हा प्रश्न हल्ली बऱ्याचदा येतो. रिलेटिव्हिटीची गणितं सुटतात, पण स्पेसटाइम, म्हणजे अवकाश आणि काळ मिळून जे एकच धरतात ते, नक्की आहे तरी काय हे कोणी सांगत नाही, आणि वर्गात विचारलं तर उत्तर मिळतं की ते फिलॉसॉफी झालं, सिलॅबसमध्ये नाही. तर त्या "फिलॉसॉफी झालं" म्हणून बाजूला सारलेल्या गोष्टीत रीतसर पीएचडी होते, त्याची डिपार्टमेंट्स आहेत, जर्नल्स आहेत, नोकऱ्याही आहेत, थोड्या आहेत पण आहेत. मराठीत यावर फारसं कोणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय, ज्याला खरंच यात पडायचंय त्याच्यासाठी.

आधी या क्षेत्रात लोक कशावर भांडतात ते बघू. न्यूटनने 1687 च्या प्रिन्सिपियात बादलीचा दाखला दिलाय. पाण्याने भरलेली बादली दोरीला टांगायची, दोरीला भरपूर पीळ द्यायचा आणि सोडून द्यायची. सुरुवातीला बादली गरगर फिरते पण पाणी अजून शांत असतं, पृष्ठभाग सपाट. थोड्या वेळाने पाणीही बादलीच्या वेगाने फिरायला लागतं आणि मध्ये खोलगट होतं. आता बादलीच्या मानाने बघाल तर पाणी हलतच नाहीये, मग खोलगट का झालं? न्यूटनचं उत्तर, कारण ते खुद्द अवकाशाच्या मानाने फिरतंय. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझला हे अजिबात मान्य नव्हतं, त्याच्या मते अवकाश म्हणजे वस्तूंमधली नाती, त्यापलीकडे वेगळी अशी काही चीज नाही. 1715-16 मध्ये त्याची आणि न्यूटनच्या बाजूने लिहिणाऱ्या क्लार्कची जी पत्रापत्री झाली ती आजही या विषयाच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच वाचायला लावतात. पुढे 1883 मध्ये अर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाने विचारलं की बाकीच्या विश्वाशिवाय ही बादली कशी वागेल हे तुम्हाला माहीत तरी कसं. आणि माखचा हाच धागा धरून हॉईल आणि आपल्या जयंत नारळीकरांनी 1964 मध्ये गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, ज्यात कणाचं वस्तुमान बाकीच्या विश्वातल्या कणांमुळे ठरतं. नारळीकरांची पुस्तकं वाचत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला हा वाद परका वाटायचं काही कारण नाही.

आज हाच वाद क्वांटम ग्रॅव्हिटीपर्यंत, म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम सिद्धांत यांची सांगड घालायच्या प्रयत्नापर्यंत, पोचलाय. लूप क्वांटम ग्रॅव्हिटी, म्हणजे अशाच एका प्रयत्नाची, पायाभरणी करणारे अभय अष्टेकर जन्माने शिरपूरचे, धुळे जिल्ह्यातले. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत पद्मनाभन यांनी गुरुत्वाकर्षण मूलभूत नसून वरच्या पातळीवर उमटणारी गोष्ट आहे या कल्पनेवर अनेक वर्षं काम केलं. आता तळाशी स्पेसटाइम नसेलच तर मग प्रयोग कुठे आणि कधी झाला म्हणायचं, मोजलं म्हणजे काय केलं, हे प्रश्न फिलॉसॉफर्सच्या ताटात येतात. शिकागोचे निक हगेट आणि जिनिव्हाचे क्रिस्टियन व्युथरिश यांचं बरंच काम याच्यावर आहे, उत्सुकता असेल तर तिथून सुरुवात करून बघा.

आता मुद्द्याचं. पहिली गोष्ट, फिजिक्स सोडू नका. मला फिजिक्सचा कंटाळा आलाय म्हणून फिलॉसॉफी ऑफ फिजिक्स करतो असं कोणी म्हटलं की मी त्याला थांबवते, कारण इथे फिजिक्स कमी होत नाही. जनरल रिलेटिव्हिटी एमएस्सीच्या एका इलेक्टिव्हपुरती येऊन चालत नाही, डिफरन्शियल जॉमेट्री नीट यावी लागते, म्हणजे मॅनिफोल्ड, टेन्सर, कनेक्शन, ली डेरिव्हेटिव्ह, डिफिओमॉर्फिझम हे शब्द ऐकून घाम फुटायला नको. कॉलेजमध्ये बहुतेक ठिकाणी इंडेक्स वरखाली करून गणित सोडवायला शिकवतात, तेवढ्याने भागत नाही, कोऑर्डिनेट्स न घेता तीच गोष्ट सांगता आली पाहिजे. यासाठी वॉल्डचं जनरल रिलेटिव्हिटीचं पुस्तक आणि त्याच्या जोडीला डेव्हिड मॅलामेंट यांचं 2012 चं पुस्तक, एवढं पेन घेऊन, प्रूफ स्वतः लिहून काढत केलंत तरी तुम्ही अर्ज करणाऱ्या बऱ्याच जणांच्या पुढे असाल. मॅलामेंट यांनी 1977 मध्ये सिमल्टेनिटीवर, म्हणजे दोन घटना एकाच वेळी घडल्या म्हणजे काय यावर, एक छोटंसं थिअरम सिद्ध केलं आणि त्यावर पुढची कित्येक वर्षं लोक भांडत राहिले, ते थिअरम आणि त्यावरची भांडणं हे या क्षेत्राची चव घ्यायला फार चांगलं उदाहरण आहे. पुण्यामुंबईच्या आसपास असाल तर आयुकाचा व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्रॅम बघा, तिथे रिलेटिव्हिटीवर काम करणाऱ्या माणसाबरोबर उन्हाळा घालवलात तर पुढे रेकमेंडेशन लेटरलाही उपयोग होतो.

दुसरी गोष्ट, आणि मला खरं तर हीच सांगायचीय. आपल्याकडे बीएस्सी ते एमएस्सी अशी पाच वर्षं जातात आणि त्यात एकदाही कोणी आपल्याकडून दहा पानांचा सलग युक्तिवाद लिहून घेत नाही. डेरिव्हेशन लिहितो, लॅब जर्नल लिहितो, प्रोजेक्ट रिपोर्ट लिहितो, पण "अमुक माणूस असं म्हणतो, ते मला या या कारणासाठी पटत नाही, आणि त्याने असं उत्तर दिलं तर त्यावर माझं म्हणणं हे" असं कधीच लिहीत नाही. आणि परदेशातल्या फिलॉसॉफी डिपार्टमेंटला तुमच्या अर्जात सगळ्यात जास्त काय महत्त्वाचं वाटतं तर नेमकं हेच, रायटिंग सॅम्पल. मार्क कितीही भारी असोत, सॅम्पल कच्चं असेल तर अर्ज तिथेच संपतो. त्यामुळे निदान दीड-दोन वर्षं आधी लिहायला लागायचं.

लिहायचं म्हणजे कसं ते एका उदाहरणावर दाखवते, होल आर्ग्युमेंट घेऊ. 1913 च्या सुमाराला आइनस्टाइनला कुठल्याही कोऑर्डिनेट सिस्टिममध्ये चालतील अशी समीकरणं हवी होती, आणि मग त्यानेच एक युक्तिवाद काढून स्वतःला पटवलं की अशी समीकरणं असू शकत नाहीत. युक्तिवाद असा. स्पेसटाइमचा एक तुकडा घ्या, त्याला होल म्हणा. होलच्या बाहेरचं मेट्रिक, म्हणजे पॉइंटपॉइंटमधलं अंतर आणि काळ किती ते सांगणारी राशी, पूर्ण ठरलेलं आहे. आता असा एक डिफिओमॉर्फिझम, म्हणजे पॉइंटची गुळगुळीत हलवाहलव, घ्या जो बाहेरचं काहीच हलवत नाही, फक्त होलच्या आतले पॉइंट इकडचे तिकडे करतो. समीकरणं जनरली कोव्हेरियंट, म्हणजे कुठल्याही कोऑर्डिनेट सिस्टिममध्ये चालणारी, असतील तर मूळ मेट्रिक जसं सोल्युशन आहे तसं हे सरकवलेलं मेट्रिकही सोल्युशन आहे. दोन्ही बाहेर सेम, आत वेगळी. म्हणजे बाहेरचं सगळं ठाऊक असूनही आत काय होईल हे थिअरी सांगू शकत नाही.

आता होलमध्ये दोन प्रकाशकिरण एकमेकांना छेदतात असं धरा. एका सोल्युशनमध्ये ते प या पॉइंटवर छेदतात, दुसऱ्यात फ या पॉइंटवर. किरण छेदतात हे दोन्हीकडे खरं, त्या क्षणी तिथलं घड्याळ काय दाखवत होतं तेही दोन्हीकडे सेम, कुठलंही उपकरण आणा, फरक सापडणार नाही. फरक एवढाच की प वर का फ वर. 1915 मध्ये आइनस्टाइन जनरल कोव्हेरियन्सकडे परत आला तो हेच म्हणत की खरं काय ते अशा भेटीगाठींमध्येच आहे, नुसत्या पॉइंटला स्वतःची ओळख नाही. 1987 मध्ये जॉन अर्मन आणि जॉन नॉर्टन यांनी हा युक्तिवाद फिलॉसॉफीच्या भाषेत परत उभा केला आणि स्पेसटाइमला स्वतंत्र वस्तू मानणाऱ्यांना कात्रीत पकडलं: पॉइंटला स्वतःची ओळख आहे म्हणाल तर कुठल्याही प्रयोगात कधीच न दिसणारी अनिश्चितता गळ्यात घ्या, आणि ती नको असेल तर तुमची भूमिका सोडा.

इथपर्यंत वाचून "वा, भारी" म्हणून पुढे जाऊ नका, कागद घ्या. सगळ्यात वर निष्कर्ष एका वाक्यात लिहा. त्याखाली तो निष्कर्ष निघायला काय काय गृहीत धरलंय ते एकेक ओळीत लिहा, उदाहरणार्थ पॉइंटला मेट्रिकशिवाय ओळख असते, दोन सोल्युशन म्हणजे दोन वेगळ्या भौतिक शक्यता, निव्वळ मेटाफिजिक्सच्या हट्टापायी डिटर्मिनिझम (आधीच्या स्थितीवरून पुढचं ठरतं ही कल्पना) सोडणं योग्य नाही. मग प्रत्येक ओळीसमोर ती कोण नाकारतं ते लिहा. टिम मॉडलिन हे फिलॉसॉफर म्हणतात पॉइंटचं मेट्रिकशी असलेलं नातं हाच त्याचा मूळ स्वभाव, त्यामुळे दुसरं सोल्युशन ही खरी शक्यताच नाही. दुसरे काही म्हणतात स्पेसटाइम आहे, पण दोन सोल्युशन मिळून शक्यता एकच, म्हणजे दुसरी ओळ गेली. जिम वेदरॉल यांचा 2018 चा पेपर म्हणतो की आयसोमेट्रिक, म्हणजे आतली सगळी अंतरं तंतोतंत जुळणारी, मॉडेल्स एकाच परिस्थितीचं तितकंच चांगलं वर्णन करतात, त्यांची पॉइंट-टू-पॉइंट तुलना करणं हाच गणिताचा चुकीचा वापर आहे, प्रश्न मुळात उभाच राहत नाही. त्यावरही भरपूर उलट उत्तरं आली. आता तुमचं काम सुरू होतं: यातलं नक्की कुठलं पाऊल तुम्हाला खटकतं? सगळा वाद सोडवायचा नाहीये, एकच पाऊल, आणि ते का खटकतं ते चार पानांत, दुसऱ्या बाजूचं म्हणणं त्यांना स्वतःलाही मान्य होईल इतक्या चांगल्या पद्धतीने मांडून. अशी चार-चार पानं वर्षभर लिहीत राहा, त्यातलंच एक वाढवून वीसेक पानांचं सॅम्पल होतं. पानांची मर्यादा प्रत्येक डिपार्टमेंटची वेगळी असते, ती बघून घ्या.

विषय निवडताना सगळ्यात जास्त गडबड होते. "काळाचं स्वरूप" हा विषय नाही, ते एक अख्खं आयुष्य आहे. त्याऐवजी हे बघा: हार्वी ब्राउन यांनी 2005 च्या पुस्तकात मांडलं की रिलेटिव्हिटीत वेगाने सरकणारी पट्टी आखूड होते ती पट्टी ज्या द्रव्याची बनलीय त्याच्या नियमांमुळे, मिंकोव्स्कीची जॉमेट्री, म्हणजे रिलेटिव्हिटीतली स्पेसटाइमची भूमिती, हे फक्त त्या नियमांचं सार आहे, ती पट्टीला आखूड "करत" नाही. विरोधक विचारतात की मग झाडून सगळ्या बलांचे नियम लॉरेंझ इन्व्हेरियंट आहेत, म्हणजे एकसमान वेगाने जाणाऱ्या सगळ्यांना सारखेच दिसतात, हा काय योगायोग समजायचा? आता या एका प्रश्नावर, म्हणजे सगळ्या नियमांची सिमेट्री सारखी असणं याला स्पष्टीकरण लागतं की नाही, एवढ्यावरच लिहा. हा सॅम्पलचा विषय झाला. वाचणाऱ्याला पहिल्या पानावरच कळतं की या मुलीला वाद कळलाय आणि कुठे बोट ठेवायचं तेही कळलंय.

वाचायला पैसे लागत नाहीत हे या क्षेत्राचं मोठं सुख. स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी फुकट आहे, होल आर्ग्युमेंटवरची नोंद तर खुद्द नॉर्टन यांनी लिहायला घेतलेली. फिलसाय-आर्काइव्ह या वेबसाइटवर बहुतेकांचे पेपर छापून यायच्या आधीच मिळतात, arXiv या फिजिक्सवाल्यांच्या वेबसाइटवर फिजिक्सच्या हिस्टरी-फिलॉसॉफीचा वेगळा सेक्शन आहे, तो आठवड्यातून एकदा चाळत जा म्हणजे सध्या कोण कशावर काम करतंय ते आपोआप कळतं.

रेकमेंडेशन लेटरचं काय करायचं हा पुढचा अडथळा. साधारण तीन लागतात, आणि आपले सर जे लिहितात ते "विद्यार्थी होतकरू, नियमित, वर्गात दुसरा" या थाटाचं असतं, त्याचा तिथे काही उपयोग नाही. प्रवेश ठरवणाऱ्या कमिटीला हवा असतो असा माणूस ज्याने तुमचं लिखाण वाचलंय आणि तुम्ही विचार कसा करता हे सांगू शकतो. म्हणून एमएस्सीचा प्रोजेक्ट किंवा आयसरचा पाचव्या वर्षाचा थीसिस शक्यतो रिलेटिव्हिटी किंवा क्वांटम फाउंडेशन्समधल्या संकल्पनात्मक प्रश्नावर घ्या, आणि जवळच्या फिलॉसॉफी डिपार्टमेंटमधल्या कोणाला तरी तुमची ती चार पानं वाचायला द्या. पुणे विद्यापीठात फिलॉसॉफीचं डिपार्टमेंट आहे, मुंबई विद्यापीठात आहे, आयआयटी मुंबईत ह्युमॅनिटीजमध्ये फिलॉसॉफीचे लोक आहेत. त्यांचं स्पेशलायझेशन स्पेसटाइम नसेल, हरकत नाही, युक्तिवाद कुठे गळतोय हे त्यांना तुमच्या फिजिक्सच्या सरांपेक्षा लवकर दिसतं. परदेशातल्या प्रोफेसरलाही मेल करता येतो, पण "आय ॲम पॅशनेट अबाउट टाइम" असला नको. तुमच्या अमुक पेपरच्या अमुक सेक्शनमधलं हे पाऊल मला कळलं नाही, त्याचा अर्थ असा आहे का, एवढं पाच ओळीत विचारा. अशा मेलला उत्तर येण्याची शक्यता खूप जास्त.

आता कुठे जायचं. थेट फिजिक्समधून फिलॉसॉफीच्या पीएचडीला प्रवेश मिळू शकतो, पण मध्ये एक मास्टर्स केलं तर पाया पक्का होतो आणि लेटरही मिळतात. ऑक्सफर्डला खास फिलॉसॉफी ऑफ फिजिक्सचा एका वर्षाचा एमएसटी (मास्टर ऑफ स्टडीज) आहे, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला फिलॉसॉफी ऑफ सायन्सचं एमएस्सी, केंब्रिजला हिस्टरी अँड फिलॉसॉफी ऑफ सायन्सचा एमफिल, उट्रेख्टला दोन वर्षांचं मास्टर्स. इंग्लंडची फी आपल्याला झेपणारी नसते, त्यामुळे स्कॉलरशिप मिळाली तरच जा, कर्ज काढून या विषयाचं मास्टर्स करावं असं मी कोणालाही सांगणार नाही, पुढे लगेच पगार सुरू होणारा हा कोर्स नाही. ऱ्होड्स, फेलिक्स, गेट्स केंब्रिज, इनलॅक्स बघा, जे. एन. टाटा एंडोमेंट हे लोन स्कॉलरशिप आहे हे लक्षात ठेवा म्हणजे ते परत करायचं असतं, आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे तिची जाहिरात दरवर्षी येते ती चुकवू नका. पैशाच्या दृष्टीने म्युनिकचं एलएमयू चांगलं, तिथे लॉजिक अँड फिलॉसॉफी ऑफ सायन्सचं मास्टर्स इंग्रजीत आहे आणि सेमिस्टरची किरकोळ वर्गणी सोडली तर फी नाही, फक्त व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात.

पीएचडीसाठी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनचं लॉजिक अँड फिलॉसॉफी ऑफ सायन्स डिपार्टमेंट आणि पिट्सबर्गचं हिस्टरी अँड फिलॉसॉफी ऑफ सायन्स ही दोन नावं स्पेसटाइमसाठी पहिली घ्यावी लागतात, कॅनडात वेस्टर्न युनिव्हर्सिटी, युरोपात ऑक्सफर्ड आणि जिनिव्हा. अमेरिकेत पाच-सहा वर्षं लागतात पण चांगल्या डिपार्टमेंटमध्ये फी माफ आणि शिकवण्याच्या बदल्यात स्टायपेंड मिळतो, इंग्लंडमध्ये तीन-चार वर्षांत होतं पण फंडिंग वेगळं शोधावं लागतं. अमेरिकेत निर्णय कमिटी घेते, त्यामुळे आधी गाइड ठरवायची गरज नाही, युरोपात मात्र प्रपोजल घेऊन गाइडशी आधी बोलणं झालेलं बरं. अर्जाच्या तारखा बहुतेक डिसेंबर-जानेवारीत येतात, म्हणजे सॅम्पल सप्टेंबरपर्यंत तयार आणि लेटर देणाऱ्यांच्या हातात. एसओपीमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, लहानपणी आकाशाकडे बघायचो वगैरे लिहू नका, तुम्ही कुठल्या प्रश्नावर विचार केलाय, कुठपर्यंत पोचलात, कुठे अडलात आणि त्याच डिपार्टमेंटमध्ये तो पुढे का जाऊ शकतो, एवढंच दोन पानांत.

पीएचडीत गेल्यावरचं फार लांबवत नाही. ब्रिटिश जर्नल फॉर द फिलॉसॉफी ऑफ सायन्स, फिलॉसॉफी ऑफ सायन्स, स्टडीज इन हिस्टरी अँड फिलॉसॉफी ऑफ सायन्स, फाउंडेशन्स ऑफ फिजिक्स ही मुख्य जर्नल्स, पेपर नाकारला जाणं हे नेहमीचंच आणि उत्तराला महिनोनमहिने लागतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षापासून एक तरी पेपर कुठेतरी रिव्ह्यूला असू द्या. आणि शिकवायला मिळेल ते शिकवा, लॉजिक, क्रिटिकल थिंकिंग, एथिक्स, काहीही. कारण नोकरीची जाहिरात "फिलॉसॉफी ऑफ फिजिक्स हवं" अशी क्वचितच येते. फिलजॉब्स या नोकऱ्यांच्या वेबसाइटवर साधारण सप्टेंबरपासून जाहिराती यायला लागतात, त्यात बहुतेक वेळा फिलॉसॉफी ऑफ सायन्स किंवा मेटाफिजिक्स असं मोघम लिहिलेलं असतं, आणि तुम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना प्लेटो शिकवू शकता का हे आधी बघतात. आधी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी, एका शहरात दोन वर्षं, मग दुसऱ्या देशात दोन वर्षं, असं बऱ्याच जणांचं होतं. घरी आईवडील, लग्न, मुलं यांचा विचार करताना ही वर्षं आधीच डोळ्यासमोर ठेवा आणि घरच्यांशी मोकळेपणाने बोला, हे मी अगदी मनापासून सांगतेय, कारण हुशार माणसं इथेच सोडून जाताना बघितलीत आणि त्यांचा काही दोष नसतो.

भारतात परत यायचंय त्यांनी एक गोष्ट आत्ताच करून ठेवावी. आपल्याकडे कॉलेज-विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसरच्या पोस्टला संबंधित विषयातली मास्टर्स बघतात, तुमची एमएस्सी फिजिक्सची आणि पीएचडी फिलॉसॉफीची असेल तर स्क्रूटिनीच्या टेबलावर पहिला प्रश्न तोच येतो. उपाय सोपा आहे, इग्नूमधून फिलॉसॉफीचं एमए. 2022 पासून यूजीसीने एकाच वेळी दोन डिग्र्या करायला परवानगी दिलीय, त्यामुळे रेग्युलर एमएस्सीबरोबर हे दूरशिक्षणाने करता येतं, आणि मग फिलॉसॉफीची नेटही देता येते. नेटच्या अभ्यासक्रमात भारतीय दर्शनं भरपूर आहेत, तो अभ्यास ओझं म्हणून करू नका, वैशेषिकांनी नऊ द्रव्यांमध्ये काल आणि दिक् ही वेगळी द्रव्यं मानलीत, त्यावर बौद्धांनी काय आक्षेप घेतले हे लायब्निझ वाचलेल्या माणसाला वाचायला खरंच मजा येते, आणि इथल्या डिपार्टमेंटमध्ये शिकवायला तेच लागतं. आमच्या पूर्वजांना रिलेटिव्हिटी माहीत होती छापाचं काही मात्र लिहू नका, त्याने वैशेषिकांचाही अपमान होतो. आयआयटी आणि आयसरमध्ये ह्युमॅनिटीजच्या पोस्ट निघतात तिथे फिजिक्सची पार्श्वभूमी असलेला फिलॉसॉफर त्यांना उपयोगी वाटतो, त्यांच्या वेबसाइटवर रोलिंग जाहिराती असतात त्या बघत राहा. परदेशी डिग्रीला इक्विव्हॅलन्स, म्हणजे ती इथल्या डिग्रीच्या तोडीची असल्याचं प्रमाणपत्र, लागतं, पूर्वी हे एआययूकडून (असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज) घ्यायचे, 2025 मध्ये यूजीसीने त्याचे स्वतःचे नियम काढलेत, ते तुम्ही परदेशी निघायच्या आधी वाचा, कारण एका वर्षाच्या परदेशी मास्टर्सवर शंका काढल्या जाऊ शकतात. तिकडून येताना ट्रान्सक्रिप्ट, कोर्सचं क्रेडिटसकट वर्णन आणि डिग्री सर्टिफिकेटच्या युनिव्हर्सिटीने शिक्का मारलेल्या दोन-तीन प्रती घेऊनच विमानात बसा, इथून मागवायला गेलात तर त्यातच सेमिस्टर निघून जातं.